पीएम ९८ टक्के, बोर्ड हिरवा, तरी लाईन उभी: मेंटेनन्सच्या टार्गेटमधला बिघाड कसा शोधायचा

लक्षण सगळीकडे सारखंच असतं. महिनाअखेरीच्या मीटिंगमध्ये मेंटेनन्सच्या स्लाइडवर पीएम (प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, म्हणजे बिघडायच्या आधीच ठरलेल्या तारखेला करायची तपासणी) ९८ टक्के, एमटीटीआर (एका दुरुस्तीला लागणारा सरासरी वेळ) टार्गेटच्या आत, सगळे चौकोन हिरवे, आणि टेबलाच्या पलीकडून प्रॉडक्शनवाले बोंब मारतायत की व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभी मिलिंग मशीन) लाईन या महिन्यात चालली कमी आणि उभी जास्त. दोन्ही पार्ट्या खरं बोलत असतात हे विशेष. मग वरून हुकूम येतो, टार्गेट टाइट करा, ९८ चं १०० करा, ब्रेकडाऊन २० टक्क्यांनी खाली आणा. पुढच्या तिमाहीत स्लाइडवर १०० येतं आणि लाईन तिथंच.

हे लिहितोय ते भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर असल्या पट्ट्यातल्या मध्यम साइझच्या मशीन शॉपसाठी, म्हणजे डझनभर सीएनसी-व्हीएमसी, दोन-चार हायड्रॉलिक प्रेस, एक-दोन कॉम्प्रेसर, तीन शिफ्ट आणि मेंटेनन्सला मोजून सात-आठ माणसं, त्यातली दोन-तीन काँट्रॅक्टवरची. मोठ्या प्लांटला सॉफ्टवेअर असतं, सेन्सर असतात, पण बिघाड बऱ्याचदा हाच. आकडा सुधारतोय आणि मशीन सुधारत नाहीये म्हणजे तो आकडा मशीनचा नाहीच, कागदाचा आहे. त्यामुळे टार्गेट टाइट करायच्या आधी मोजमाप कुठं गळतंय ते बघा, आणि खालच्याच क्रमाने बघा, कारण पहिलंच बिघडलेलं असेल तर पुढचं तपासून काही हाती लागत नाही.

आधी वह्या जुळवा

प्रॉडक्शनची लॉगबुक आणि मेंटेनन्सच्या ब्रेकडाऊन स्लिपा, दोन्ही घ्या, मागच्या एकाच आठवड्याच्या, आणि एका मशीनची बेरीज करा. प्रॉडक्शनच्या वहीत १४ तास बंद आणि मेंटेनन्सकडे ८ तास असं काहीतरी निघणार, जवळपास प्रत्येक ठिकाणी निघतं. मधले ६ तास कुठं गेले? काही वेळ मशीन बंद पडलं पण स्लिप लिहिली नाही. काही वेळ ऑपरेटर जेवायला गेला आणि तो वेळ ‘मेंटेनन्सची वाट’ म्हणून टाकला. काही वेळ मेंटेनन्सने मशीन सोडलं पण पहिला पीस क्वालिटीकडे अप्रूव्हलला पडून होता, तो मेंटेनन्सच्या हिशोबात नाही आणि प्रॉडक्शनच्या हिशोबात मात्र मेंटेनन्सच्याच नावावर.

हे मिटल्याशिवाय कुठलंही टार्गेट ठेवलं तरी दर महिन्याला मीटिंगचा पहिला अर्धा तास आकडा कुणाचा खरा यातच जातो. उपाय साधा आहे पण करायला कंटाळा येतो: वही एकच ठेवायची, आणि सकाळी नऊच्या मीटिंगला मागच्या २४ तासांच्या एंट्र्या दोन्ही इन्चार्जनी वाचून तिथल्या तिथं सही करायची. दुसऱ्या दिवशी सही करू म्हटलं की संपलं, कारण दुसऱ्या दिवशी रात्रपाळीत काय झालं ते कुणालाच आठवत नसतं.

या बाबतीत साखर कारखान्यांचं मला कौतुक वाटतं. तिथं सीझनमध्ये गाळप थांबलं की तो प्रत्येक तास कुठल्यातरी हेडखाली जातोच, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, प्रोसेस, क्लीनिंग, ऊस नाही, आणि चीफ इंजिनिअर आणि चीफ केमिस्ट त्यावरून कितीही भांडोत, तास हवेत सोडत नाहीत. पावसाळ्यात केलेल्या ओव्हरहॉलिंगचा खरा निकाल मग पुढच्या सीझनच्या मेकॅनिकल स्टॉपेजच्या रकान्यात लागतो, कुणाच्या भाषणात नाही. आपल्या मशीन शॉपला बंद सीझन नसतो त्यामुळे ही शिस्त आपोआप येत नाही, आणावी लागते.

आणि हेडमध्ये ‘इतर’ नावाचा रकाना असेल तर तो किती भरलाय बघा. पॅरेटो चार्टवर (कारणं मोठ्यापासून छोट्यापर्यंत क्रमाने मांडणारा खांबांचा आलेख) सगळ्यात उंच खांब ‘इतर’ चा असेल तर तो चार्ट भिंतीवरून काढून टाका, त्याच्यावरून कुणीच काही ठरवू शकत नाही.

अर्ध्या तासाचा नियम

बऱ्याच कंपन्यांत अलिखित किंवा लिखित नियम असतो की ३० मिनिटांच्या आतलं ब्रेकडाऊन धरायचं नाही, त्याला मायनर स्टॉप म्हणायचं. नियम वाईट नाही, दर दोन मिनिटाला स्लिप कोण लिहीत बसणार. पण सगळ्यात जास्त बिघाड इथंच लपतात.

टर्निंग सेंटरचा, म्हणजे सीएनसी लेथचा, टरेट (टूल बदलणारं फिरतं डोकं) घ्या. अलार्म येतो, टरेट लॉक झाला नाही. इलेक्ट्रिशियन येतो, मागचं कव्हर काढतो, प्रॉक्सिमिटी सेन्सर कुलंटने आणि बारीक चिप्सने माखलेला असतो, कापडाने पुसतो, एअर मारतो, कव्हर लावतो, १५-२० मिनिटांत मशीन चालू. शाबास. चार दिवसांनी दुसऱ्या शिफ्टला परत तेच, तिथं दुसरा इलेक्ट्रिशियन, तोही पुसतो. त्यानंतर रात्रपाळीला ऑपरेटरच कव्हर काढून पुसायला शिकतो आणि मेंटेनन्सला फोनच जात नाही. महिन्याकाठी आठ-नऊ वेळा मशीन थांबलं, तीन तास गेले, आणि ब्रेकडाऊनच्या रेकॉर्डवर एकही एंट्री नाही, कारण एकही स्टॉप ३० मिनिटांच्या वर गेला नाही. मूळ कारण काय तर टरेटच्या कव्हरचं सील फाटलंय आणि कुलंट आत शिरतंय. ते सील बदलायचं काम कुणाच्याच टार्गेटमध्ये नाही. मग एक दिवस सेन्सर पूर्ण मरतो, तो स्टोअरमध्ये नसतो, आणि मशीन दीड दिवस उभं. आता मात्र एंट्री होते: ब्रेकडाऊन एक, कारण ‘सेन्सर फेल’.

हे पकडायचं कसं? स्लिपांवर विसंबू नका. मशीनला फॅनूक कंपनीचा कंट्रोल असेल तर त्याला अलार्म हिस्टरीचं पान असतं, बाकीच्या कंट्रोललाही बहुतेक असतंच, तारीख-वेळेसकट. त्यात ठराविक अलार्मच मावतात, नवीन आले की जुने पुसले जातात, त्यामुळे आठवड्यातून एकदा प्रत्येक मशीनच्या त्या पानाचे मोबाईलवर फोटो काढायचे आणि जनरल शिफ्टच्या एखाद्या अप्रेंटिसला एक्सेलमध्ये टाकायला लावायचे. पंधरा दिवसांत तुम्हाला कळतं की कुठल्या मशीनचं खरं दुखणं काय आहे, आणि ते बहुतेक वेळा मीटिंगमध्ये ज्यावर चर्चा चाललेली असते ते नसतंच. मशीनला अप्रेझल नसतं, त्यामुळे ते आपला अलार्म लपवत नाही.

पीएमचा टिकमार्क

पीएम ९८ टक्के म्हणजे नक्की काय झालं ९८ टक्के? चेकलिस्ट भरून फाईलला लागल्या. बस. आता एक काम करा, मागच्या तीन महिन्यांच्या भरलेल्या चेकलिस्टचा गठ्ठा घ्या आणि त्यात ‘नॉट ओके’ किती ठिकाणी लिहिलंय ते मोजा. दोनशे चेकलिस्ट, प्रत्येकीत वीस-पंचवीस पॉइंट, आणि एकही नॉट ओके नसेल तर एक तर तुमच्या मशीन जगात सर्वोत्तम आहेत किंवा पेन मशीनपर्यंत गेलंच नाही. गठ्ठ्यात सगळे टिक एकाच तिरक्या रेघेत वरून खाली सरसर आलेले दिसतात ना, ते ओळखू येतात लगेच.

फिटरचा दोष काढायच्या आधी मात्र हे बघा की त्याला मशीन मिळालं होतं का. भोसरी-पिंपरीकडं गुरुवारची सुट्टी असते, पीएम त्या दिवशी लावलेलं असतं, आणि डिस्पॅच अडकला की गुरुवारीही लाईन चालू ठेवतात. मग फिटर चालत्या मशीनभोवती फेरी मारतो, ऑइलची लेव्हल बघतो, टिक मारतो. शेड्यूल तर पाळायचंय, टक्केवारी त्याच्या नावावर आहे, मशीन देणं मात्र दुसऱ्याच्या हातात.

त्यामुळे पीएमचं टार्गेट तीन तुकड्यांत मोडा. वेळेवर झालं का: आणि वेळेवर म्हणजे महिन्याचं पीएम ठरलेल्या तारखेच्या आगेमागे तीन दिवस, महिन्यात कधीतरी नाही, कारण एक तारखेला एक पीएम आणि पुढचं पुढच्या महिन्याच्या तीस तारखेला झालं तर कागदावर दोन्ही महिने १०० टक्के आणि मधे साठ दिवस कुणी हात लावलेला नाही. दुसरं, प्रॉडक्शनने ठरलेल्या वेळी मशीन दिलं का: हे प्रॉडक्शनच्या नावावर लिहायचं, स्पष्ट. तिसरं, पीएममध्ये काय सापडलं आणि सापडलेल्यातलं किती दुरुस्त झालं. हा तिसरा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका तोच कुठल्याही बोर्डावर दिसत नाही.

आणखी एक आकडा लावून बघा, पीएमनंतर सात दिवसांच्या आत त्याच मशीनवर ब्रेकडाऊन आलं का. हा आकडा जास्त निघाला तर पीएम करूनच आपण मशीन बिघडवतोय असा संशय घ्यायला जागा आहे, कनेक्टर नीट बसला नाही, पाइप घट्ट करताना ओ-रिंग चावली गेली, असलं काहीतरी. ही कल्पना नवीन नाही. १९७८ साली युनायटेड एअरलाइन्सच्या नोलन आणि हीप या दोघांनी अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी जो अहवाल लिहिला त्यात विमानाच्या भागांपैकी फक्त ११ टक्के भाग असे निघाले की जे वय झालं म्हणून जास्त बिघडायला लागतात, आणि ६८ टक्के भागांत बिघाडाची शक्यता नवीन बसवल्या-बसवल्या सगळ्यात जास्त आणि नंतर कमी होऊन सपाट. ते विमानाचे आकडे आहेत, तुमच्या लेथला तसेच्या तसे लागू होणार नाहीत, चेन, बेल्ट, ब्रेक लायनर घासतात ते घासतातच. पण ‘जास्त उघडलं म्हणजे जास्त चांगलं पीएम’ हा समज तपासून घ्यायला हरकत नाही.

एमटीटीआर सुधारला की बिघडला?

इथं बरेच जण घसरतात त्यामुळे आकडे मांडूनच सांगतो. समजा १२ मशीन, प्रत्येकीचे महिन्याला ५०० तास, म्हणजे एकूण ६००० तास. ब्रेकडाऊन ४०. त्यातले ३० छोटे, एकेक तासाचे, आणि १० मोठे, पाच-पाच तासांचे. एकूण बंद ३० अधिक ५०, म्हणजे ८० तास. एमटीटीआर, म्हणजे एका दुरुस्तीला सरासरी वेळ, ८० भागिले ४०, दोन तास. एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांच्या मधला सरासरी चालू वेळ, ५९२० भागिले ४०, १४८ तास.

आता टीमने झटून काम केलं आणि छोट्यांपैकी २० बिघाड मुळातून संपवले. राहिले १० छोटे, १० मोठे, एकूण बंद ६० तास. म्हणजे बंद वेळ २५ टक्क्यांनी खाली, एमटीबीएफ ५९४० भागिले २०, २९७ तास, जवळजवळ दुप्पट. आणि एमटीटीआर? ६० भागिले २०, तीन तास. दोनाचे तीन झाले! बोर्डावर एमटीटीआरचा चौकोन लाल, आणि ज्या टीमने या वर्षातलं सगळ्यात चांगलं काम केलं तिला मीटिंगमध्ये विचारणार की दुरुस्तीला वेळ का वाढला.

उलटंही होतं. मोठे बिघाड तसेच ठेवून छोटे वाढू दिले की एमटीटीआर मस्त खाली येतो. म्हणून एमटीटीआर एकटा कधीच टार्गेट म्हणून ठेवू नका, बंद असलेले एकूण तास आणि बिघाडांची संख्या सोबत पाहिजेच. आणि माझं मत विचाराल तर एमटीटीआरला टार्गेट करण्यापेक्षा तो फोडून बघणं जास्त कामाचं.

फोडायचा कसा, तर स्लिपवर दोन वेळा असतात, बंद झालं आणि चालू झालं, त्याऐवजी पाच करा: मशीन बंद पडलं, माणूस पोचला, दोष सापडला, स्पेअर हातात आला, ओके पीस निघाला. सहावा हवा असेल तर काम संपलं तो, म्हणजे क्वालिटीची वाट वेगळी दिसते. पाच तासांचा एखादा बिघाड सहावी वेळही धरून असा फोडला की साधारण असं चित्र दिसतं: पोचायला २० मिनिटं, दोष शोधायला ४०, स्पेअरसाठी अडीच तास, बसवायला ५० मिनिटं, ट्रायल आणि अप्रूव्हलला ४०. म्हणजे ३०० मिनिटांपैकी फिटरच्या हाताची कामाची मिनिटं ९०. आता त्याला सांगा दुरुस्तीचा वेळ २० टक्क्यांनी कमी कर. कुठून करणार? ९० ची ७२ जरी केली तरी ३०० मधले १८ गेले.

आणि तो करतो कुठून ते ऐकून घ्या. दरवाजाचा इंटरलॉक (दार उघडं असताना मशीन चालू न देणारा स्विच) शॉर्ट करून मशीन चालू करतो, लॉकआऊट (वीज तोडून लावायचं कुलूप) न लावता पॅनलमध्ये हात घालतो, गळणाऱ्या फिटिंगला टेफलॉनचे आणखी दोन वेढे देतो. मिनिटांचं टार्गेट दिलं की हे येणारच, त्यामुळे स्लिपवरच एक प्रश्न छापून घ्या की काही बायपास केलंय का आणि ते कधी काढणार, आणि उघडे बायपास दर सोमवारी मोजा. इथं टार्गेट शून्य. बाकी कुठल्याही आकड्यावर तडजोड चालेल.

मग एक महिना वाढला, एक महिना घटला

महिन्याला सरासरी १६ ब्रेकडाऊन येत असतील तर काहीही न बदलता पुढच्या महिन्यात १२ येऊ शकतात आणि त्याच्या पुढच्या महिन्यात २०. असल्या मोजणीत वरखाली साधारण वर्गमुळाएवढं होतंच, १६ चं वर्गमूळ ४. अधूनमधून ८ किंवा २४ आले तरी त्यात आश्चर्य नाही. आता १२ आले तेव्हा मॅनेजर टीमला समोसे खाऊ घालतो आणि २० आले की स्पष्टीकरण लिहून मागतो, आणि दोन्ही वेळा शॉपमध्ये काहीच बदललेलं नसतं. १६ वरून २० टक्के कमी म्हणजे १३, हे एका महिन्याच्या आकड्यावरून ठरवणं शक्यच नाही.

तीन महिन्यांची बेरीज बघा, शक्य असेल तर सहा महिन्यांची, आणि दर महिन्याला सगळ्यात जुना महिना वजा करून नवीन मिळवा. आलेख संथ दिसतो, स्लाइडवर मजा येत नाही, पण निदान खरं दिसतं.

ओईई मेंटेनन्सच्या गळ्यात नको

थोडक्यात. ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस) म्हणजे उपलब्धता गुणिले वेग गुणिले क्वालिटी. टीपीएम (टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स) मांडणाऱ्या जपानच्या नाकाजिमांपासून जे ८५ टक्के सगळे सांगतात ते ९० गुणिले ९५ गुणिले ९९ असं येतं, गुणाकार करून बघा, ८४.६. त्यात सेटअपचा वेळ आहे, ऑपरेटरचा वेग आहे, टूलमुळे आलेलं रिजेक्शन आहे. हा आख्ख्या प्लांटचा आकडा झाला. मेंटेनन्सच्या माणसाच्या अप्रेझलमध्ये ओईई घातला की तो सेटअपच्या वेळेवरून प्रॉडक्शनशी भांडायला लागतो आणि मशीनकडं बघायचं राहून जातं.

तर मग मोजायचं काय

माझ्या अनुभवात चार-पाच आकडे पुरतात, आणि ते असे निवडायचे की फिटरला सकाळी उठून आज काय केलं की हा आकडा हलेल ते कळलं पाहिजे.

पहिला आणि सगळ्यात दमदार, रिपीट ब्रेकडाऊन. त्याच मशीनवर तोच बिघाड ३० दिवसांत परत आला की रिपीट. यात एकच खोच आहे, प्रत्येक जण वेगळं नाव लिहितो, एक लिहितो ‘टरेट अलार्म’, दुसरा ‘इंडेक्सिंग प्रॉब्लेम’, तिसरा नुसतं ‘मशीन बंद’, आणि एक्सेलला वाटतं तीन वेगळे बिघाड. म्हणून मशीनच्या भागांची पंधरा-वीस नावांची यादी करून पॅनलवर चिकटवायची आणि स्लिपवर त्यातलंच नाव आणि जोडीला नक्की काय केलं ते लिहायचं: पुसलं, घट्ट केलं, बदललं, रीसेट केलं. ‘पुसलं’ आणि ‘रीसेट केलं’ ज्या मशीनवर जास्त दिसेल तिथं मूळ कारण शिल्लक आहे असं बिनधास्त धरा.

दुसरा, स्पेअरसाठी थांबलेले तास. हा मेंटेनन्स, स्टोअर आणि पर्चेस तिघांच्या नावावर एकत्र. इंडेंट (मागणीपत्र) टाकून तीन आठवडे झाले आणि पर्चेसवाला म्हणतो तीन कोटेशन आल्याशिवाय पीओ (खरेदीची ऑर्डर) निघत नाही, अशा वेळी बंद तासांचा आकडा त्याच्याही रिपोर्टमध्ये दिसला की कोटेशन लवकर येतात, हे बघितलेलं आहे.

तिसरा, हायड्रॉलिक ऑइल. प्रेसच्या पॉवरपॅकला (दाबाने ऑइल पुरवणाऱ्या युनिटला) ६८ नंबरचं ऑइल महिन्याला किती लिटर टॉप-अप केलं ते स्टोअरच्या इश्यू स्लिपवरून मशीनवार काढा. ऑइल जळत नाही, उडून जात नाही, जेवढं टाकलं तेवढं कुठंतरी गळलंय. सील जायच्या आधी लिटर वाढायला लागतात, त्यामुळे हा आकडा ब्रेकडाऊनच्या आधी बोलतो. टार्गेट लिटरमध्ये लिहा, प्रेस दोनचं ४० लिटरवरून १० वर, फिटरला लगेच समजतं.

चौथा, कॉम्प्रेस्ड एअरची गळती, आणि ही मोजायला सुट्टीचा दिवस मस्त. सगळ्या मशीन बंद, हवा वापरणारं कुणी नाही, मेन लाईन चालू ठेवायची आणि कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर जातो (हवा भरतो) आणि किती वेळ अनलोड राहतो (नुसता मोकळा फिरतो) ते मोबाईलच्या स्टॉपवॉचवर चार-पाच सायकल मोजायचं. लोडचा वेळ भागिले लोड अधिक अनलोड. दोन मिनिटं लोड, सहा मिनिटं अनलोड, म्हणजे २ भागिले ८, कॉम्प्रेसरच्या क्षमतेच्या २५ टक्के हवा नुसती गळतीत चालली. २० ते ३० टक्के गळती असलेली शॉप काही दुर्मिळ नाहीत, नीट लक्ष दिलं तर १० च्या खाली येते. लोड-अनलोडवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरलाच हे लागू, व्हीएफडीवाल्याला (मोटरचा वेगच कमीजास्त होतो त्याला) ही रीत चालत नाही. खर्च शून्य, आणि वीजबिलात फरक दिसतो म्हणून अकाउंट्सवालेही पहिल्यांदा मेंटेनन्सशी गोड बोलतात.

पाचवा, बॅकलॉग, म्हणजे शिल्लक कामं, पण कामांच्या संख्येत मोजू नका, तासांत मोजा. पाच माणसं, आठवड्याचे ४८ तास, म्हणजे २४०. त्यातले ४० टक्के ब्रेकडाऊनलाच जातात असं धरा, उरले १४४. उघड्या कामांचे अंदाजे तास ४३० असतील तर तीन आठवड्यांचा बॅकलॉग. दोन-चार आठवड्यांचा असला तर ठीक. दहा आठवड्यांचा असेल तर टार्गेट वगैरे सोडा, माणसं कमी आहेत किंवा अर्धी कामं यादीतून काढण्याच्या लायकीची आहेत.

टार्गेट लिहायचं कसं

‘ब्रेकडाऊन कमी करणे’ हे टार्गेट नव्हे. ‘ब्रेकडाऊन २० टक्के कमी करणे’ हेही फारसं बरं नाही, कारण कुठले, कुणी, कसे मोजायचे, काही नाही. असं लिहा: टर्निंग सेंटर चार, टरेट लॉकचा अलार्म, अलार्म हिस्टरीप्रमाणे मागच्या तीन महिन्यांत २६ वेळा, कव्हरचं सील आणि केबल ग्लँड बदलणार, ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मशीन चार तास लागणार, प्रॉडक्शनने तारीख मान्य केली, त्यानंतरच्या तीन महिन्यांत ५ च्या आत. कोण मोजणार आणि कुठून मोजणार, तेही. कागदाच्या अर्ध्या पानात बसतं.

अशी एका वेळी तीन चालवा, जास्त नको. ज्या भिंतीवर चौदा आलेख लटकतात तिथं कुणी थांबून बघत नाही, ऑडिटर सोडून.

आणि तळाचा आकडा, म्हणजे आत्ता किती आहे तो, न मोजता टार्गेट लिहू नका. मोजायला सुरुवात केली की पहिल्या महिन्यात ब्रेकडाऊन वाढलेले दिसणार, कारण आधी जे लिहिलंच जात नव्हतं ते आता लिहिलं जातंय. हे वरच्या साहेबांना आधीच सांगून ठेवा, मेलवर लेखी सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात सगळा कार्यक्रम गुंडाळायची वेळ येते आणि पोरं परत जुन्या पद्धतीने लिहायला लागतात.

इन्क्रिमेंटचा विषय

रिपीट ब्रेकडाऊनची संख्या थेट एकेका फिटरच्या इन्क्रिमेंटला जोडली की पुढच्याच महिन्यात रिपीट गायब होतात. दुसऱ्यांदा आलेल्या बिघाडाला दुसरं नाव मिळतं, बास. चार्ल्स गुडहार्ट नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९७५ साली ब्रिटनच्या चलनविषयक धोरणाबद्दल हेच मांडलं होतं, की नियंत्रणासाठी एखाद्या आकड्यावर दाब दिला की त्या आकड्याची आधीची खात्री उरत नाही. मेंटेनन्सच्या वहीला ते फार चपखल बसतं. पूर्ण टीमच्या नावावर ठेवा, शिफ्टवार तुलना करू नका. शिफ्टवार तुलना केली की तिसऱ्या शिफ्टचा बिघाड पहाटे पाचला सापडून सकाळी सातला पहिल्या शिफ्टच्या खात्यात जातो, आणि त्या दोन तासांत त्याला हात लागलेला नसतो.

एकेकट्याला काही द्यायचंच असेल तर नॉट ओके लिहिल्याबद्दल द्या. जो फिटर पीएममध्ये खरा दोष शोधून लिहितो त्याचं नाव सकाळच्या मीटिंगला घ्या. सुरुवातीला शंभर फालतू गोष्टी लिहून येतील, येऊ द्या, दोन महिन्यांत आपोआप चाळणी लागते.

एवढं करूनही आकडा हलत नसेल तर

वही एक झाली, अलार्मचे फोटो चालू आहेत, टार्गेट मशीनवार आहे, आणि तीन महिन्यांत तरीही आकडा जागचा हलला नाही, तर तीन गोष्टी बघा. ठरवलेलं काम खरंच झालं का, म्हणजे सील खरंच बदललं की पुढच्या गुरुवारी, पुढच्या गुरुवारी करत राहिलं, बहुतेक वेळा उत्तर इथंच मिळतं. काम झालं असेल तर कारण चुकीचं धरलंय, मशीन मेकरच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा आणि येताना त्याला अलार्मची यादी आधी पाठवा, नाहीतर तोही येऊन पुसून जाईल. आणि कारणही बरोबर, कामही झालं, तरी बिघाड येतच असेल तर मशीन टार्गेटच्या पलीकडं गेलंय. मागच्या बारा महिन्यांचे त्या मशीनचे बंद तास, स्पेअरचा खर्च आणि तेवढ्या वेळात बुडालेले पीस एका पानावर मांडा, ओव्हरहॉलिंगचं कोटेशन त्याला जोडा, आणि ते पान मेंटेनन्सच्या रिव्ह्यूत न नेता बजेटच्या मीटिंगला घेऊन जा.